घरात वाळणारे कपडे आणि घरात मुरणारी ओल

पावसाळ्याच्या कौतुकाचे लिखाण मराठीत उदंड झाले आहे. परंतु त्याच पावसाळ्यात घरातल्या दोरीवर दोन-दोन, तीन-तीन दिवस ओलेच लोंबत राहणारे बनियन, खुर्चीच्या पाठीवर पसरलेले पंचे, दाराच्या कडीला अडकवलेला शाळेचा सदरा आणि या सर्वांतून घरभर दाटणारा तो कुबट दर्प, यांच्याविषयी लिहिण्यास लेखणी सहसा कोणी उचललेली नाही. विषय वरकरणी क्षुल्लक वाटतो खरा. तथापि कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात, घाटमाथ्यावर आणि गोव्यात राहणाऱ्या लक्षावधी कुटुंबांना जूनच्या आरंभापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश काळ, या क्षुल्लक प्रश्नाशी प्रत्यही झुंजावे लागते, आणि भिंतीवर चढलेली काळी बुरशी, पोपडे धरलेला रंग, ठिपके पडून वाया गेलेली ठेवणीतली साडी व घरातल्या दमेकऱ्याची रात्रभर चालणारी धाप या रूपांनी त्याची किंमतही मोजावी लागते. ज्या गोष्टीची इतकी किंमत पडते तिची कारणमीमांसा एकदा नीट समजून घेतलेली बरी.

या विचाराचा आरंभ एका साध्या वस्तुस्थितीपासून करावा लागतो. कपडा वाळला असे आपण म्हणतो तेव्हा त्यातले पाणी नष्ट झालेले नसते. त्याची केवळ बदली झालेली असते. अंगणात वाळणाऱ्या धोतरातले पाणी आकाशाच्या स्वाधीन होते आणि त्याचे पुढे काय झाले याची चौकशी करण्याचे आपणांस कारण पडत नाही. परंतु बंद खोलीत वाळणाऱ्या धोतरातले पाणी खोलीतल्या हवेच्या खात्यावर जमा होते, आणि या खात्याची मर्यादा आपल्या कल्पनेपेक्षा फारच लहान असते. मुंबईकरांच्या परिचयाची १० बाय १२ फुटांची व १० फूट उंचीची खोली घेतली तर तीत १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. २८ अंश सेल्सियस तापमानाला एक घनमीटर हवा अधिकात अधिक २७ ग्रॅमांच्या आसपास बाष्प धारण करू शकते. म्हणजे संपूर्ण खोलीची मर्यादा झाली सव्वानऊशे ग्रॅम. आता जुलै महिन्यात मुंबईची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, याचा अर्थ या मर्यादेचा बहुतेक भाग कपडे दोरीवर चढण्यापूर्वीच खर्ची पडलेला असतो, आणि शिल्लक उरते ती जेमतेम १४० ग्रॅमांची, म्हणजे कपभर पाण्याची जागा. उलटपक्षी चौघांच्या कुटुंबाचे एका दिवसाचे कपडे यंत्रात पिळून काढले तरी त्यांत दोन लिटर पाणी सहज उरते, आणि हाताने पिळले तर त्याहून पुष्कळ अधिक.

दोन लिटर जमा आणि कपभर जागा, हा हिशेब जमेना म्हणजे उरलेले पाणी आपली सोय अन्यत्र पाहते. काही भाग कपड्यांतच ठाण मांडून बसतो, म्हणून ते वाळत नाहीत. काही भाग गादी, पडदे, पुस्तके, लाकडी कपाट आणि चुन्या-गिलाव्याच्या भिंती शोषून घेतात. आणि जेथे एखादा पृष्ठभाग भोवतालच्या हवेहून थंड असेल, म्हणजे बाहेरून पावसाने भिजणारी पश्चिमेची भिंत, कपाटामागचा कोपरा, छताजवळचा तुळईचा भाग, तेथे हवेतले बाष्प पुन्हा पाण्याच्या रूपाने दाखल होते. यावरून निघणारे सूत्र एकच आहे, आणि या लेखात पुढे जे काही सांगावयाचे आहे तो त्याच सूत्राचा विस्तार आहे: घरात कपडे वाळविणे म्हणजे त्यांतल्या पाण्याची घराबाहेर रवानगी करणे होय, जो उपाय पाण्याला घराबाहेर नेत नाही तो कपडे वाळविण्याचा उपाय नव्हे, तो केवळ ओल वाटून देण्याचा उपाय आहे.

बुरशी या प्रकरणात कोठून येते असे विचारले तर उत्तर असे की ती येत नाही, असतेच. तिचे बीजाणू वर्षाच्या बाराही महिने हवेत तरंगत असतात आणि कोणत्याही घरातून त्यांचे समूळ उच्चाटन शक्य नसते. उगवण्यासाठी त्यांना तीन गोष्टी लागतात: खाद्य, ऊब आणि ओल. खाद्याची तजवीज आपणच केलेली असते, कारण सुती कापड हे मुळात सेल्युलोज असल्याने कित्येक बुरशींचे अन्नच आहे. त्यावर खळ चढविलेली असेल तर स्टार्चची मेजवानी वेगळी, आणि पॉलिस्टरसारखे कृत्रिम धागे स्वतः खाण्याजोगे नसले तरी त्यांवर राहिलेला घाम, तेल व साबणाचा अंश पुरेसा असतो. पंचवीस ते तीस अंशांची ऊब आपल्या किनारपट्टीला निसर्गाने बहाल केलेली आहे. राहिली ओल, पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बहुतेक घरगुती बुरशी उगवू लागते, आणि कापड भिजलेल्या स्थितीत एक-दोन दिवस राहिले की तेवढी मुदत तिला पुरते. खाद्य आणि ऊब या दोहोंवर आपला इलाज चालत नाही. म्हणून सगळा बंदोबस्त ओलीचा आणि तिच्या मुदतीचा करावयाचा असतो.

कपड्यांना येणारा कुबट वास हे मात्र बुरशीच्या आधीचे प्रकरण आहे. जपानात पावसाळी ऋतूत घरात कपडे वाळविण्याची रीत सार्वत्रिक असल्याने तेथील संशोधकांनी या वासाचा कसून छडा लावला, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जीवाणू दोषी ठरला. साध्या धुण्याने तो कापडातून पुरता निघून जात नाही, ओल रेंगाळली की वाढतो, आणि त्याच्यापासून निर्माण होणारे एक मेदाम्ल आपल्या नाकाला 'न वाळलेल्या कपड्यांचा वास' म्हणून जाणवते. एकदा वाळलेला रुमाल पुन्हा किंचित दमट होताच तोच वास परत का मारतो, याचा उलगडा यातून होतो. अत्तर शिंपडून किंवा सुवासिक द्रावणात बुडवून हा वास झाकता येतो, घालविता येत नाही. पांढरे सुती कपडे कढत पाण्यात धुणे आणि धुतल्यानंतर सहा-आठ तासांच्या आत वाळविणे हाच त्याच्यावरचा खरा उतारा होय.

आपल्या पूर्वजांना या जीवाणूंची नावे ठाऊक नव्हती, परंतु कोकणातल्या जुन्या घराची रचना पाहिली म्हणजे बाष्पाच्या व्यवहाराचे त्यांचे ज्ञान किती पक्के होते हे ध्यानात येते. निथळते कपडे प्रथम पडवीत पडत. तेथे झड लागू नये म्हणून झापे बांधलेले असले तरी वारा मोकळा खेळत असे आणि पागोळ्यांच्या आड कपड्यांतले बरेचसे पाणी घरात न शिरता परस्पर निघून जाई. तेथून अर्धवट वाळलेले कपडे आत वलणीवर येत, आणि ही वलणी बहुधा चुलीच्या आसपास, आढ्याच्या अंगाला, उंचावर टांगलेली असे. सोवळ्याचे पंचे-धोतरे काठीने उचलून त्या उंच दांडीवर टाकण्याची वहिवाट विटाळाच्या भयाने पडली असेल, पण तिने साधले ते पदार्थविज्ञान: ऊन हवा वर चढते, आणि हवा ऊन झाली की तिची बाष्प घेण्याची ताकद वाढते. २७ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा केवळ पाच अंशांनी तापविली तर तिची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे बाष्पासाठी तीत दुपटी-तिपटीने जागा मोकळी होते. आणि मग ती हवा कौलांच्या फटींतून आपसूक बाहेर पडते. तापविणे, उंचावर टांगणे आणि वरून वाट देणे या तिन्ही गोष्टी त्या एका दांडीत एकवटल्या होत्या. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाची दुपटी-लंगोट वाळविण्याची पद्धतही याच न्यायाची, आणि चादरी-गोधड्या आगोटीपूर्वी, वैशाखाच्या उन्हात धुऊन घेण्याचा दस्तुर तर दूरदृष्टीचाच म्हटला पाहिजे.

शहराने ही सगळी रचना मोडली, परंतु एकाएकी मोडली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, कोंदट व काळोख्या खोल्यांकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या खोलीच्या पायथ्याशी उतरणारी रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करू नये, असा तो नियम. आणि त्याचा व्यवहारी अर्थ असा की दोन इमारतींमधील मोकळी जागा उंचीच्या निम्म्याने तरी असावी. पुढे १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथे बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत खोली १६० चौरस फुटांचीच मिळाली. अशा चाळींतून छताला टांगलेल्या बांबूंवर काठीने कपडे चढविणारी गृहिणी कोकणातली वलणीच शहरात चालवीत होती. आजच्या सदनिकेत संगमरवरी फरशी आहे, दोन-दोन न्हाणीघरे आहेत, परंतु गॅलरी आत घेऊन दिवाणखाना वाढविलेला, सरकत्या काचेची खिडकी अर्धीच उघडणारी, समोरच्या मनोऱ्याची भिंत हाताच्या अंतरावर आलेली, आणि दर्शनी बाजूस कपडे वाळत घालू नयेत असा सोसायटीचा ठराव सूचनाफलकावर लावलेला. सबब कपड्यांतल्या पाण्याने जावे तरी कोठे?

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अगत्याचे आहे. या विषयावर जो उपदेश आज सहज हाती येतो तो बहुतांशी थंड देशांतला असतो आणि 'खिडकी उघडा व खोली तापवा' हे त्याचे सार असते. त्या देशांत प्रश्न लहान आहे असे नव्हे. ग्लासगो येथे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरातल्या एकूण बाष्पापैकी ३० टक्क्यांपर्यंत वाटा वाळत घातलेल्या कपड्यांचा असू शकतो असे आढळले होते. तथापि तेथे बाहेरची हवा ५ अंशांची असेल तर ती भिजून चिंब झाली तरी घनमीटरला सातएक ग्रॅमांहून अधिक बाष्प तीत मावत नाही, आणि तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली येते. सबब लंडन-लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाने हिवाळ्यात दहा मिनिटे खिडक्या सताड उघडल्या तर ती कोरडी हवाच घरात घेते. आपल्याकडे जुलैत खिडकी उघडली तर आत येणारी हवा आतल्या हवेइतकीच ओली असते. म्हणून खिडकी उघडू नये असे मात्र नाही. बाहेरची हवा ८५ टक्क्यांवर असते आणि ओल्या कपड्यांना लगटून राहिलेली हवा शंभर टक्क्यांवर पोचलेली असते. या दोहोंतले अंतर थोडे असले तरी तेवढ्याच अंतरावर आपला सगळा व्यवहार चालतो. येणारी प्रत्येक खोलीभर हवा फार तर कपभर पाणी घेऊन जाणार असेल तर तिने दिवसात वीस-तीस वेळा येऊन गेले पाहिजे. आपल्या हवामानात कोरडेपणाची उणीव वाऱ्याच्या वेगाने भरून काढावी लागते.

आता उपायांकडे वळू. त्यांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय दोरीपर्यंत पोचण्याच्या आधीचा आहे, तो म्हणजे पिळणे. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते, मग ती उष्णता सूर्याने द्यावी, हवेने द्यावी की यंत्राने. परंतु तेच पाणी धुलाईयंत्राने गरगर फिरवून झटकून टाकावयाचे तर त्याच्या अल्पांशाने काम भागते. यास्तव पावसाळ्यात यंत्रातले कपडे एकदा पिळून झाल्यावर काही मिनिटांनी हाताने मोकळे करून पुन्हा एकदा नुसतेच पिळून घ्यावेत. यंत्र नसेल तर पिळलेला कपडा कोरड्या जाड पंच्यात गुंडाळून गुडघ्याखाली दाबावा; पंचा चटकन ओला होतो, पण मधला सदरा निम्मा वाळून निघतो. धुण्याची वाटणीही दिवसांत करावी. रविवारी आठवड्याचा डोंगर धुवावयास काढणे हा उन्हाळ्यातला शिरस्ता पावसाळ्यात आत्मघातकी ठरतो. रोज थोडे धुवावे, सकाळी लवकर धुवावे म्हणजे दुपारची त्यातल्या त्यात कोरडी हवा पदरात पडते, आणि चादरी, जीन्स, गोधड्या उघडिपीची चिन्हे दिसेपर्यंत तहकूब ठेवाव्यात.

टांगण्यातही शास्त्र आहे. ओल्या कपड्याभोवती संपृक्त हवेचा एक पातळ थर चिकटून बसतो आणि तो हलविला नाही तर बाष्पीभवन थांबते. दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवणे, लांब व आखूड कपडे आलटून-पालटून घालणे, दोरीवर दुमडून टाकण्याऐवजी सदरे हँगरवर बटणे सोडून लावणे, विजारी उलट्या करून खिसे बाहेर काढणे, शिवणीचे व कॉलरचे जाड भाग वाऱ्याच्या दिशेला ठेवणे, ही सगळी त्या थराला हलविण्याचीच कलमे आहेत. छताचा पंखा खोलीभर हवा ढवळतो; त्यापेक्षा उभा अथवा मेजावरचा पंखा कपड्यांच्या रांगेतून तिरपा वाहील असा ठेवला तर वीज तेवढीच जळते आणि काम बरेच अधिक होते.

याहून महत्त्वाचा प्रश्न जागेचा. आपल्या किनाऱ्यावर पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिम व दक्षिणेच्या खिडकीतून हवा आत शिरते आणि पूर्व व उत्तरेच्या खिडकीतून बाहेर पडते. कपडे वाऱ्याच्या येण्याच्या खिडकीशी टांगले तर झडीने भिजतात ते वेगळेच, शिवाय त्यांतले सगळे बाष्प घरभर फिरून मग बाहेर जाते. तेच ते वाऱ्याच्या जाण्याच्या खिडकीशी टांगले तर पाणी त्याच पावली घराबाहेर पडते. आपल्या घरात वारा कोठून कोठे वाहतो हे उदबत्ती पेटवून तिच्या धुरावरून दोन मिनिटांत ठरविता येते. आरपार वाऱ्याची सोय नसेल तर बाहेर हवा फेकणारा पंखा असलेले न्हाणीघर ही घरातली सर्वांत योग्य जागा होय: फरशी कोरडी पुसावी, कपडे आत टांगावेत, पंखा चालू ठेवावा, आणि दार लावून खालून बोटभर फट ठेवावी, म्हणजे घरातली हवा त्या फटीने आत जाईल व ओल घेऊन पंख्यावाटे बाहेर पडेल. सर्वांत अयोग्य जागा म्हणजे निजण्याची खोली, कारण रात्री दारे-खिडक्या बंद असतात, माणसांच्या श्वासातले बाष्प त्यात भर घालते, आणि गादी ते सगळे निमूटपणे पिऊन घेते.

यंत्रांचा विचारही याच कसोटीवर करावा. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून बाहेर ठिबकणारे पाणी हे खोलीतल्या हवेतूनच काढलेले असते. तेव्हा ज्यांच्याकडे ते यंत्र आहे त्यांनी आठवड्याचे अवघड कपडे त्याच खोलीत, दार-खिडकी बंद करून, यंत्र 'ड्राय'वर ठेवून वाळवावेत. आर्द्रताशोषक यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, हेच काम अधिक नेमकेपणाने करते व खोली थोडी उबदार ठेवते. तेही खिडक्या बंद करूनच चालवावयाचे असते, नपेक्षा अरबी समुद्र वाळविण्याचा प्रयत्न केल्यासारखे होईल. कपडे सुकविण्याच्या यंत्राची ऊन-ओली हवा सोडणारी नळी घराबाहेर काढलेली नसेल, तर ते यंत्र पाणी कपड्यांतून काढून भिंतींना देते इतकेच. गॅसच्या शेगडीवर कपडे वाळविण्याचा मोह मात्र निक्षून टाळावा. आगीची भीती तर आहेच, पण घरगुती गॅस जळताना स्वतःच पाण्याची वाफ निर्माण करतो, आणि १४.२ किलोचे एक सिलिंडर जळून संपेपर्यंत घरात २२ लिटरांच्या आसपास पाणी सोडते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. स्वयंपाकघराच्या धुराड्याचा अथवा पंख्याचा कपड्यांशी काय संबंध, याचे उत्तर त्यात आहे. कोळशाच्या निखाऱ्यांची धग तेवढी कोरडी असते हे खरे, परंतु कौलारू घराच्या फटींतून निघून जाणारा त्यांचा कार्बन मोनॉक्साइड वायू बंद सदनिकेत कोंडून जीव घेतो. आजीची शेगडी आजच्या खोलीत आणता येत नाही.

कपडा वाळला की नाही याचा निवाडा बोटांनी करू नये, कारण बोटांची कातडी जाड असते. घडी घालण्यापूर्वी शिवणीचा जाड भाग गालाला किंवा तळहाताच्या पाठीला लावून पाहावा. गार लागला तर बाष्पीभवन अद्याप चालू आहे, म्हणजे पाणी शिल्लक आहे असे समजावे. शिवाय सुती कापड हवेतली ओल स्वतः ओढून घेते. मोजमापासाठी प्रमाण मानलेल्या ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतही शंभर ग्रॅम सुतात साडेआठ ग्रॅम पाणी असते, आणि पावसाळी हवेत ते त्याहून बरेच वाढते; पापडांप्रमाणे कपडेही सादळतात ते असे. अशा कपड्यांनी ठासून भरलेले व भिंतीला चिकटवून ठेवलेले कपाट हे बुरशीचे माहेरघर होय. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, इस्त्री केलेले कपडे निवल्याखेरीज आत रचू नयेत, सुती साड्यांना पावसाळ्यात खळ करू नये, चामड्याचे पट्टे व पाकिटे वेगळी ठेवावीत, आणि रेशमी वस्त्रे मलमलीत गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता ठेवावीत. डांबराच्या गोळ्या व कडुनिंबाचा पाला कसरीला दूर ठेवतात, ओलीला नव्हे. बंद कपाटापुरती ओल शोषावयाची तर कॅल्शियम क्लोराइडचे बाजारात मिळणारे डबे कामाचे असतात, मात्र त्यांत साठलेले पाणी कपड्यांवर सांडू देऊ नये.

भिंतीवर ओल दिसली म्हणजे दोष कपड्यांचा की इमारतीचा, हा वाद घराघरांतून व सोसायटीच्या सभांतून दरसाल रंगतो. त्याचा निकाल एका साध्या परीक्षेने लावता येतो. वीतभर चौरस प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीचा भाग कोरडा पुसून चिकटपट्टीने चारही कडांनी घट्ट डकवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूस जमले तर पाणी भिंतीतून येत आहे; गळका नळ, तडकलेला गिलावा किंवा वरच्या मजल्याचे न्हाणीघर यांकडे पाहावे. थेंब खोलीच्या बाजूस जमले तर पाणी हवेतले आहे, आणि मग दोरीकडे पाहावे. उगवलेली बुरशी कोरड्या कुंच्याने झाडू नये, त्याने बीजाणू खोलीभर उडतात. तोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने ओली पुसावी, भाग पुरता वाळवावा आणि त्यानंतरच रंगाचा विचार करावा, कारण ओल्या बुरशीवर चढविलेला रंग तिला फक्त झाकतो. कपड्यांवरचे काळे ठिपके ताजे असताना पांढऱ्या सुती कापडावरून सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने उतरतात. रंगीत, रेशमी व लोकरी कापडाला ते लावू नये, आणि आम्लाच्या अगर अमोनियाच्या कोणत्याही पदार्थात ते कदापि मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

आरोग्याच्या बाबतीत घबराट नको आणि बेफिकिरीही नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा व श्वसनमार्गाचे विकार अधिक होतात हा त्यांचा निष्कर्ष आहे, आणि ओल व बुरशी मुळातच होऊ न देणे हाच त्यांनी सांगितलेला मुख्य उपाय आहे. लहान मुले, दमेकरी आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्या खोलीत ओले कपडे मुळीच टांगू नयेत, एवढी काटेकोर शिस्त प्रत्येक घराने पाळावी. २०२१ साली करोनाच्या लाटेत 'काळी बुरशी' म्हणून ज्या रोगाने थैमान घातले त्याची बुरशी आणि बनियनवर काळे ठिपके पाडणारी बुरशी या भिन्न जातीच्या आहेत, हेही सांगून टाकलेले बरे. म्हणून ठिपके पाहून धसका घेण्याचे कारण नाही. परंतु दमट अंतर्वस्त्रे अंगावर वाळविण्याची सवय गजकर्णाला आमंत्रण देते. दोरीवर आधी जागा कोणाला, असा प्रश्न पडला तर पहिला मान बनियन, मोजे व चड्ड्यांचा असावा. दर्शनी सदऱ्याचा नंबर त्यांच्या मागून.

एवढे सगळे करूनही हा प्रश्न एकट्या गृहिणीच्या शिरावर टाकणे न्यायाचे नाही, कारण पाण्याला घराबाहेर जाण्याची वाट ठेवणे हे घर बांधणाऱ्याचे आणि ते चालविणाऱ्या संस्थेचेही काम आहे. दर्शनी बाजूस कपडे दिसू नयेत असा ठराव करणाऱ्या सोसायटीने त्याच सभेत दुसराही ठराव करावा: गच्चीवर महापालिकेची रीतसर परवानगी घेऊन चारही बाजूंनी मोकळे असे पावसाळी छप्पर घालावे, त्याखाली दोऱ्या बांधाव्यात आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वार नेमून द्यावेत. नवे घर पाहावयास जाणाऱ्या वाचकानेही फरशीची चकाकी पाहून झाल्यावर विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा, की जुलै महिन्यात या घरातले कपडे कोठे वाळणार. आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज बयाणा देऊ नये.